फ्रेंच सरदारांची तसबीर

टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या मराठी मंडळाचं नाटक दोन वाजता होतं, आणि साडेबारालाच फ्रेंच सरदार भिंतीवरून नाहीसे झाले.

दिग्दर्शिका कश्मिरा रडवेली होऊन दमयंतीबाईंकडे धावली. दमयंतीबाई पुण्यात लग्नाआधीच्या चौकशा करून द्यायच्या. हल्ली मुलाकडे, प्रसन्नकडे, राहत होत्या. सॉफ्टवेअरवाला प्रसन्नही आईमागे निघाला. सुट्टीचा दिवस, अंगावर हिवाळ्यातलं ऊन. त्याला मजाच वाटत होती.

"नायक त्या तसबिरीवरूनच आपला फ्रेंच पूर्वज ओळखतो, मावशी. ती नाही तर नाटकच नाही! माझ्या बाबांचा फोटो समोर ठेवून मी दोन महिन्यांपूर्वी रंगवली. हे जयेशचंच काम. त्याला सरदाराच्या वारसाची भूमिका हवी होती, मी नोकर केलं. आज त्याला मंडळातून काढणारच."

"सकाळी जमीन हलली होती, पडली असेल," प्रसन्न म्हणाला.

"अरे वेड्या," दमयंतीबाई म्हणाल्या, "दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपानंतर इथे प्रत्येक चौकटीला दोन-दोन हूक लावतात. सावकाश काढलीये ती."

सभागृहात भिंतीपाशी टेबलावरच्या ताटात शेवंतीचा हार नीट ठेवला होता. एकही पाकळी गळाली नव्हती.

"हा तसबिरीला कधी घातलास?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"आजच, साडेअकराला. पूर्वज आहेत हे लोकांना चटकन कळावं म्हणून."

जयेश कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून सगळ्यांसाठी ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन परतला. "रागावलोय, मावशी. पण माझे आईबाबा नागपूरहून नाटक बघायला आलेत. मी ते कशाला पाडू?"

कश्मिराची आई, सिंधूकाकू, कोपऱ्यात थंडीने आखडून बसल्या होत्या. "मी नाही बाई काही पाहिलं. ह्यांना तिकडे साताऱ्याला खोकला झालाय, जीव थाऱ्यावर नाही."

"सकाळी खाली भेटलात तेव्हा तुमच्या अंगावर शाल होती ना?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"असेल कुठेतरी."

दमयंतीबाईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं. "सूड घेणाऱ्याने हार भिरकावला असता. हा जपून उतरवलाय. दोन महिने तसबीर कुणाला खुपली नाही. हार चढला आणि तासाभरात ती गेली. जिवंत माणसाला हार घातलेला कुणाला बघवणार नाही? आणि एवढ्या गारठ्यात स्वतःची शाल कोण दुसऱ्या कशाला गुंडाळेल?"

काकूंनी खुर्चीमागचं शालीचं गाठोडं पुढे ओढलं.

"आई, नाटक आहे गं ते!"

"नाटक तुझं," काकूंचे डोळे भरले, "पण कुंकू माझं आहे."

कश्मिराने आईला जवळ घेतलं, जयेशची सर्वांदेखत माफी मागितली आणि तसबीर बिनहाराची टांगली.

दोन वाजता पडदा उघडला. नायक हात जोडून म्हणाला, "हेच आमचे कैलासवासी पणजोबा!"

पहिल्या रांगेतून काकू ओरडल्या, "कैलासवासी कुणाला म्हणतोस रे? ठणठणीत आहेत ते!"