चाळीस पानांपुढचं

दर गुरुवारी सकाळी अकराला बारामतीच्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावरून मी तीन पुस्तकं सुचवतो. पहिलं माझं, दुसरं इंदापूरच्या अय्युबभाईंचं आणि तिसरं एखाद्या श्रोत्याचं. अय्युबभाईंचं एसटी स्टँडजवळ पुस्तकांचं दुकान आहे. ते तिथूनच फोनवर बोलतात आणि मध्येच गिऱ्हाईक आलं, तर "थांबा, दहावीचं गाईड देतो जरा" म्हणून सगळ्या श्रोत्यांना ताटकळत ठेवतात. मला प्रवासवर्णनं आवडतात, त्यांना खुनाच्या कथा. जोतीरावांची, म्हणजे माझी, पुस्तकं मेडिकलमध्ये झोपेच्या गोळ्यांशेजारी ठेवा, असं ते भर कार्यक्रमात सांगतात.

आमचा नियम एकच. गोष्ट चाळिसाव्या पानापर्यंतच सांगायची. हा नियम आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. जुन्या पळसदेवात, देवळाला लागून असलेल्या खोलीत ते वाचनालय चालवायचे. पुस्तक हातात देण्याआधी ते त्यावर दोनदा टकटक करायचे, दारावर करावी तशी, आणि मग गोष्ट सांगायला लागायचे. चाळीस पानं झाली की थांबायचे. "चाळीस माजी, फुडची तुमची." पुढे उजनी धरणाचं पाणी आलं आणि जुन्या गावाबरोबर ती खोलीही गेली; पळसदेव वरच्या अंगाला नव्यानं वसलं. तिथला खळीचा आणि जुन्या कागदाचा वास मला अजूनही अवचित कुठंतरी येतो, आणि मग दिवसभर करमत नाही.

यंदा पाणी लवकर उतरलं. एप्रिलमध्ये देवळाचं शिखर दिसायला लागलं आणि लोक होड्या करून फोटो काढायला जाऊ लागले. त्याच आठवड्यात अय्युबभाईंचा फोन आला.

"जोतीराव, तुमी चौथं पुस्तक कवा सांगितलं?"

"कसलं चौथं?"

"पळसदेवचा एक मासेवाला आलता. मधमाश्या पाळायचं पुस्तक मागत हुता. म्हणला, रेडिओवर शेवटाला ते म्हातारं बोलतंय न्हवं, त्यानं सांगितलं."

मी हसलो. असलं पुस्तक आम्ही कधी सुचवलं नव्हतं. पण अय्युबभाई हसले नाहीत. ते पुस्तक त्यांच्याकडं निघालं होतं, माळ्यावरच्या एका जुन्या पोत्यात. त्यांच्या अब्बांनी फार वर्षांपूर्वी रद्दीत घेतलेलं पोतं होतं ते. पुस्तकं पाहून अब्बांना पुड्या बांधायला ती फाडवली नव्हती. पहिल्या पानावर शिक्का होता, ग्रामवाचनालय, पळसदेव.

पुढच्या गुरुवारी एका बाईनं लोणच्यांचं पुस्तक मागितलं. त्यानंतर कुणी गुप्तहेराची कादंबरी, कुणी अभंगांचा अर्थ, कुणी ताऱ्यांची ओळख. मागणारे सगळे पाण्याकाठचे. प्रत्येक पुस्तक त्या पोत्यातच निघायचं, एकुलती एक प्रत.

तीस वर्षं मी विजेच्या खात्यात काढली आहेत. तारेत करंट नसेल तर दिवा लागत नाही, एवढं मला कळतं. मी सगळी रेकॉर्डिंग ऐकली. तीन पुस्तकं आणि नमस्कार, एवढंच होतं. शिवाय आमच्या टॉवरचा आवाज वीस किलोमीटरच्या पुढं जातच नाही. पळसदेव त्याच्या दुप्पट लांब आहे. लोक मोबाईलवर ऐकत असतील आणि कुणीतरी चावटपणा करत असेल, असं मी ठरवून टाकलं.

मे महिन्यात स्वतःच इंदापूरला गेलो. दुकानात एक म्हातारी बसली होती, पळसदेवच्या प्रयागबाई. तिच्या मांडीवर बाळंतिणीच्या आहाराचं पुस्तक होतं.

"आजी, कार्यक्रम मोबाईलवर ऐकता का?"

"मोबाईल कुठला बाबा. नवऱ्याचा रेडू हाय. दुसरं काय लागत न्हाय त्येच्यावर, तेवढंच लागतंय."

"म्हातारबुवा बोलतात कसे?"

"लई ग्वाड. आदी दोनदा टकटक करत्यात. मग सांगत्यात, आन् मधीच थांबत्यात. फुडची तुमची म्हणत्यात."

टकटकीची गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. अय्युबभाईंनी चहा पुढं केला.

"पोतं रिकामं झालं, जोतीराव," ते म्हणाले. "आता म्हाताऱ्यानं काय सांगितलं तर देऊ कुठनं?"

एक पुस्तक शिल्लक होतं. ते माझ्याकडं होतं.

गाव हलत होतं तेव्हा मी तिसरीत होतो. आप्पांनी सगळी पुस्तकं बैलगाडीत भरली आणि एक कमी आहे म्हणून ते पुन्हा खोलीकडं वळले. ते पुस्तक माझ्या दप्तरात होतं. एका नावाड्याची गोष्ट होती ती. आप्पांनी मला चाळीस पानं सांगितली होती आणि मला पुढचं वाचायचं होतं. गाडीत बसून मी त्यांना जाताना पाहिलं. मार बसेल म्हणून बोललो नाही. वाटेवर पाणी आलं होतं. ते परत आले नाहीत, सापडलेही नाहीत. गाडीतली पुस्तकं पुढे पोत्यात भरून रद्दीत गेली. त्यानंतर मी ते पुस्तक एकदाही उघडलं नाही. इतकी वर्षं ते माझ्या ट्रंकेच्या तळाशी आहे आणि मी रोज त्याच्यावर झोपतो आहे, असं मला वाटत आलंय.

पुढच्या गुरुवारी पुस्तक पिशवीत घालून नेलं.

तिसरं पुस्तक झालं. अय्युबभाईंनी फोन ठेवला. मी माईक बंद केला नाही. नावाड्याची चाळीस पानं सांगितली. मग दप्तराचं सांगितलं, बैलगाडीचं सांगितलं. "आप्पा, चुकलं माझं," असं म्हणालो आणि रडलो. छप्पन्न वर्षांचा माणूस माईकसमोर हुंदके देतो, हे बरं दिसत नाही, पण दिलं.

मग रेकॉर्डिंग मागं नेऊन ऐकलं.

तिसरं पुस्तक, अय्युबभाईंचा नमस्कार. तिथंच संपलं.

टेबलाकडं पाहिलं. पुस्तक नव्हतं. पिशवीत नव्हतं, खुर्चीखाली नव्हतं.

फोन वाजला. अय्युबभाई होते.

"माझं ऐकलंत का आता?" मी विचारलं.

"तीन पुस्तकं झाली, संपलं की. दुसरंच हाय. पोतं झाडायला म्हणून उचललं, तर जड लागलं. आत एक पुस्तक हाय, नावाड्याचं."

मी पिशवी पुन्हा एकदा उलटी करून पाहिली.

"मागं वाचनालयाची चिठ्ठी चिकटवलीय. जोतीराम, इयत्ता तिसरी. तुमीच का वो हे?"

"पुढं काय लिहिलंय?"

"परत मिळालं, असं लिवलंय. आजची तारीख टाकलीय." पान चोळल्याचा आवाज आला. "शाई बोटाला लागतीय, जोतीराव."

मला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, लहान पोरासारखं वाटलं.

"खाली आजून एक ओळ हाय," अय्युबभाई म्हणाले. "फिरून तुमचंच नाव. फुडची पानं वाचायला दिलंय, असं लिवलंय. आन् माघारी आणून द्यायचा दिवस, येता गुरुवार."

"कुठं आणून द्यायचं?"

"वाचनालयातच की, दुसरं कुठं?" नेहमीसारखं हसत ते म्हणाले. "जाता यील आता. कालपसनं देवळापतुर चालत जाता येतंय म्हणं."