अजून एक रॉड

० ते २० फूट

हातभर काळी माती, खाली मुरूम. नामपूरजवळ हर्षलचं शेत, सकाळी आठ. बोअरचा पॉइंट मी दिला. भूजलाचं काम करते, ऑफिस नाशिकला. अठरा वर्षांत माझे चारच पॉइंट कोरडे गेलेत.

हर्षलच्या आईने, चतुराबाईंनी, नारळ फोडला. बोअरच्या गाडीवरच्या सोमनाथने खोबरं चघळत कॉम्प्रेसर सुरू केला.

"मॅडम, पाणी नाय लागलं तर बियाणं गेलं," हर्षल म्हणाला. तीन एकरांत बियाण्याचा कांदा, पांढरे गोंडे फुललेले, विहीर आटलेली. गोंड्यांवर मधमाश्यांचा एवढा आवाज, की यंत्र थांबलं तरी काहीतरी चालूच आहे असं वाटत होतं.

२० ते १६० फूट

काळा पाषाण. कोरडा. एक रॉड वीस फुटांचा. तो आत गेला की यंत्र थांबवून पुढचा जोडतात. तेवढ्यात मी वर आलेल्या भुकटीचा ढीग मांडते, नोंद करते. सात ढीग, सगळे राखाडी.

१६० ते १८० फूट

लाल. गेरूसारखा.

आपल्याकडचा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो एकदम आला नाही, थांबत थांबत आला. मधल्या हजारो वर्षांत वर माती व्हायची, तिच्यात झाडं, किडे, जनावरं. मग पुन्हा लाव्हा. भाजून गाडली गेलेली ती माती म्हणजे हा थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरच्या चारातल्या तीन जीवजाती संपल्या. उल्केने, की आपल्या पायाखालच्या या लाव्ह्याने, यावर अजून वाद आहे.

"म्हणजे मसणवटाच की," सोमनाथ म्हणाला. "आधी सांगायचं ना मॅडम, दोन नारळ फोडले असते."

त्याने यंत्र थांबवलं. बांधावरून मुंग्यांची रांग आली, बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या केसिंग पाइपवर चढली आणि आत उतरली. मग दुसरी. मग जमीनच सरकायला लागली. तोंडात अंडी धरलेल्या मुंग्या. चार मिनिटांत सगळं संपलं. एक मागे राहिली होती, ती धावत गेली.

पुढचा रॉड फिरला आणि पाणी उडालं.

"अर्धा इंच!" हर्षल ओरडला. "पाण्याचा वास लागला आसंल त्यांना."

शक्य होतं. मी तसंच लिहिलं.

१८० ते २४० फूट

काळा पाषाण. पाणी तेवढंच.

२४० ते २६० फूट

लाल. यंत्र थांबलं.

पाली. सरडे. घराच्या भिंतीवरून, बाभळीवरून, दगडांखालून. एकमेकांना न ढकलता.

"हाई काय व्हई ऱ्हायनं रे हर्षल?" चतुराबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"पानी लागी ऱ्हायनं, माय. तू चहा मांड."

पाणी एक इंच झालं. माझा फोन वाजला. नवरा सिन्नरला असतो, श्रेयस.

"अगं, आपल्या बोअरचं झाकण उघडं ठेवलंस का तू? सगळ्या पाली आत चालल्यात. सकाळी मुंग्या होत्या."

"झाकण लाव."

"लावलं होतं. शेजारच्यांच्या बोअरमध्येही तेच चाललंय. रांगेत, गं. शाळेतल्या मुलांसारखं."

मी फोन ठेवला. सोमनाथने सगळं ऐकलं होतं.

"बास करू दादा," तो हर्षलला म्हणाला. "एक इंची लागलंय."

"एक इंचात तीन एकर भिजवतो का तू? अजून एक रॉड."

"मॅडम, तुम्ही सांगा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. खाली आणखी लाल थर असणार हे मला माहीत होतं. किती फुटांवर, ते नव्हतं.

"चालू दे," मी म्हणाले.

२६० ते ३२० फूट

काळा पाषाण.

३२० ते ३४० फूट

लाल.

चिमण्या. पाइपच्या कडेवर बसून पंख मिटायच्या आणि रॉडशेजारच्या दोन बोटांच्या फटीत अंग चोरून शिरायच्या. एकीला जमेना. मागचीने तिला चोचीने ढकललं.

दोन इंच.

३४० ते ३८० फूट

नोंद नाही. ढीग मांडलेच नाहीत.

३८० ते ४०० फूट

लाल. रॉड संपला, तरी सोमनाथ यंत्र थांबवेना.

"बंद केलं की जातात," तो म्हणाला. तो गोंड्यांकडे बघत होता.

मीही बघितलं. "हर्षल, माश्या गेल्या तर बी धरणार नाही."

"गोंड्यांवर हात फिरवू. बाया लावू. दोन इंचावर सोडून जाऊ का मी?"

"तुझी सगळी धडपड त्या बियाण्यासाठीच आहे ना?"

"अजून एक रॉड," तो म्हणाला आणि यंत्र त्याने स्वतः बंद केलं.

आधी पश्चिमेचा आवाज गेला. मग मधला. शेवटी बांधाजवळची एकच माशी ऐकू येत होती. मग तीही नाही.

४०० ते ४४० फूट

काळा पाषाण. चार इंच पाणी. चारीतून ते वाफ्यांत शिरलं. चतुराबाई पाण्यात उभ्या राहून एका गोंड्यावर तळवा फिरवत होत्या, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. तीन एकर बाकी होतं.

४४० ते ४६० फूट

लाल.

यंत्र थांबलं. आम्ही आजूबाजूला पाहिलं. कोंबड्या उकरत होत्या. शेळी चघळत होती. कुत्रा झोपला होता.

कोणीच आलं नाही.

"सुटलो," सोमनाथ म्हणाला. त्याने सगळे रॉड वर काढले. भोक मोकळं झालं.

श्रेयसला फोन लावला. वाजत राहिला.

हर्षलने चपला काढल्या. जोडून बाजूला ठेवल्या. तो पाइपजवळ गुडघ्यावर बसला, हात आत घातला, मग खांदा.

चतुराबाई वाफ्यातून आल्या आणि त्याच्या मागे उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे मी. बूट कधी काढले, आठवत नाही.

खांदा आत जात नव्हता. त्याने दुसरा घालून पाहिला. कातडं निघालं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"साडेसहा इंची भोक हाय दादा, नाय बसणार," सोमनाथ शांतपणे म्हणाला. "थांबा. गाडीत खोदायचा आठ इंची बिट हाय."

"आठ पुरणार नाही," मी म्हणाले. "बाराचा मागव."