दोन म्हणजे किती

पाठीच्या दुखण्याचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. असा विनोद देवालाच सुचतो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती भिंतीला हात टेकून उभी होती. नव्वद किलोचं लोखंड डोक्यावर पेलणारी पोरगी, आणि पुढची एक पायरी काही तिला पेलत नव्हती. कमरेतून निघालेली कळ डाव्या पायात पार टाचेपर्यंत उतरत होती.

खालून एक किडकिडीत तरुण चढत आला. खांद्यावर जाळी, जाळीत रंगीत, मोठाले चेंडू.

"जरा सरकता का?"

"सरकता आलं असतं तर एव्हाना वर नसते का पोचले?"

तो थांबला. जाळी खाली ठेवली, तिच्या उभं राहण्याकडे पाहिलं. "डावा ना? चढताना उजवा पाय आधी टाका. उतरताना डावा. आणि कठडा धरायची लाज नको."

"चेंडू विकता विकता डॉक्टरकीही करता वाटतं?"

"गिऱ्हाईक वाटेत अडलं की करावी लागते."

दहा मिनिटांनी तोच पांढरा कोट घालून समोर आला आणि तिला पळून जावंसं वाटलं. पण पळायची सोय असती तर ती इथे आली असती कशाला?

"मी इथला फिजिओ," तो म्हणाला. "चेंडू विकायचे नाहीयेत."

तेव्हापासून तो तिच्यासाठी चेंडूवाले झाला, आणि ती त्याच्यासाठी पैलवान.

तिच्या बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बिघडलं की झाकण उघडायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धर्म. लेकीच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेलीय हे कळल्यापासून त्यांनी ऑपरेशनचाच धोशा लावला होता. मोठे डॉक्टर म्हणाले होते, आठ आठवडे व्यायाम करून बघा. मात्र पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर एक दिवसही थांबू नका. त्याला बाबांनी आपली अट जोडली. आठ आठवड्यांत निदान वजनं न लावलेला मोकळा दांडा डोक्यावर गेला नाही, तर ऑपरेशन, आणि वजनांना जन्माचा रामराम.

"कबूल," ती म्हणाली. लोक भांडण सुरू करतात त्या आवाजात.

दवाखान्यात रोज पहिला प्रश्न ठरलेला. "दुखणं किती? शून्य ते दहा."

"दोन."

पोटावर झोपून, कोपरांवर भार देऊन छाती उचलायची. तो दहा आकडे मोजायचा, तेही सावकाश, जणू एकेक आकडा शोधून आणत होता.

"तुमचा दहा फार उशिरा येतो, चेंडूवाले."

"घाई कुठं आहे? छान चाललंय."

"तुमचं. जमिनीवर मी पडलेय."

तो हसला की मोजणी चुकायची, आणि तिला आणखी दहा पडायचे. ती मुद्दाम हसवायची की काय, हे तिचं तिलाच ठाऊक…

दुसऱ्या दिवशी दोन. पुढच्या आठवड्यात दोन. तिच्या आखाड्यात रीतच तशी होती — दुखतंय म्हणालं की सर यादीतून नाव काढायचे. दातावर दात ठेवून 'दोन' म्हणणं ती तेराव्या वर्षीच शिकली होती. आणि तो त्या दोनवर भरवसा ठेवून व्यायाम वाढवत गेला.

पाचव्या आठवड्यात, रबरी पट्टा ओढता ओढता, ती खाली बसली ती उठेचना.

"खरं सांगा," तो शेजारी गुडघ्यांवर बसला. "किती?"

"आठ."

"आणि काल?"

"सात."

"म्हणजे सातच्या दुखण्यावर मी दोनचा व्यायाम देत होतो." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं वाटलं असतं. "माझीही चूक आहे. आकडा ऐकत बसलो. पायाची बोटं आवळली जातात तुमची, ते दिसत होतं."

बातमी ऐकून बाबा दुकान बंद करून आले. "पुरे झालं. उद्याच तारीख घेतो."

"आठ ठरले होते, बाबा. पाच झालेत."

"हट्ट सोड गं."

"हट्टावर तर नव्वद किलो उचलले. तेव्हा पेढ्यांसारखं कौतुक वाटत फिरलात." मग हळूच, "शब्द दिलाय तुम्ही. तीन आठवडे माझे आहेत."

बाबांनी वळून त्याला विचारलं, "तुम्ही काय म्हणता?"

त्यानं पाऊल वर ओढायला लावून तिचा जोर हातानं तपासला, टाचेवर चालवून पाहिलं. "ताकद शाबूत आहे. थांबायला हरकत नाही. पण आता ती खरं बोलणार असेल तरच."

आणि ती खरं बोलू लागली. सहा. साडेपाच. "आज चार, पण तुमचे हात गार आहेत, म्हणून साडेचार." खरं बोलायची एकदा सवय लागली की माणूस अवघड होऊन बसतो. एकदा ती म्हणाली, "सुटीच्या दिवशी करमत नाही मला." त्याची मोजणी सातावरच अडली.

आठव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी आखाड्यात पंधरा किलोचा मोकळा दांडा. बाबांनी डोळे मिटले होते. तिनं श्वास भरला, पाठ सरळ, पायांनी जमीन ढकलली — दांडा वर गेला आणि वरच राहिला. बाबांनी डोळे उघडले तरी तो खाली येईना.

"ठेव आता," बाबा पुटपुटले. "झाकण न उघडता चाललं म्हणायचं."

निरोप घ्यायला दोघं दवाखान्यात गेले. बाबा जिन्यात थांबले. तो तिच्या फाइलवर काहीतरी लिहीत होता.

"उद्यापासून शेजारच्या खोलीतल्या फिजिओ मॅडमकडे यायचं. मी सांगून ठेवलंय त्यांना."

"मला काढून टाकलंत?"

"पेशंटला… चहाला चला म्हणता येत नाही. नियम आहे."

ती टेबलावर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "मग आता तुम्ही सांगा. मी उद्यापासून तुमची पेशंट नसणार. शून्य ते दहा, किती?"

त्यानं फाइलमध्ये तोंड खुपसलं. "दोन."

आकडा कोण ऐकतो? तिनं पाहिलं — त्याच्या मुठीत पेनाचं टोपण पार पिचलं होतं.

"येतेस का गं?" जिन्यातून बाबांची हाक आली.

"तुम्ही व्हा पुढे. लिफ्ट बंद आहे, मला वेळ लागेल."

"आता कुठं दुखतंय तुला?"

"थोडंसं, बाबा," त्याच्याकडे बघतच ती म्हणाली. "दोन."