समोरासमोरचा पियानो

दिवा राहू दे, शार्दूल. अंधारात ऐकलंस तर घाबरशील, आणि मग तुला घरापर्यंत पोचवायला मलाच यावं लागेल.

बंगळूरच्या चिकपेटेत बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा श्रीरंग माझा शाळेपासूनचा दोस्त. चौऱ्याण्णव साली त्याने लिलावातून एक पियानो घरी आणला. विचित्रच होता. पट्ट्या दोन्ही बाजूंना. दोघांनी समोरासमोर बसून वाजवायचा. कुठला, कुणाचा, काही कळेना. खंडेनवमीला त्याने हत्यारांबरोबर त्याचीही पूजा केली, अगदी आवाहनासकट. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. जे बोलावलं ते परत जावं म्हणून हातोडी, पकड सगळं जरासं हलवलं. पियानो कोण हलवणार? राहिला तसाच.

संध्याकाळी सोनं म्हणून वाटायची बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन तो येलहंक्याला शेषगिरींकडे गेला. ज्या बंगल्यातून पियानो निघाला, तिथलेच हे जुने स्वयंपाकी, पण श्रीरंगला ते ठाऊक नव्हतं. बोलता बोलता पियानोचा विषय निघाला, आणि त्यांनी वर्णनावरूनच ओळखला.

"आमच्या बाईसाहेबांनी मुद्दाम करवून घेतला होता, अण्णा. एका बाजूला त्या, समोर लेक. तिच्या दोन वेण्या रोज स्वतः घालायच्या, रेशमी फिती बांधून. लेक तापात गेली. मग बाईसाहेब रोज एकट्याच बसायच्या... समोर कुणी येईल म्हणून. बसल्या जागीच गेल्या." मग म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या घरी लहान मुलगी नाही ना?"

होती. नऊ वर्षांची कस्तुरी. आणि श्रीरंगची बायको अहल्या पानं वाटायला गेलेली; पोर घरात एकटी.

स्कूटर त्याने कशी हाणली, त्याचं त्यालाच ठाऊक. रात्रीचे आठ वाजले असतील. गल्लीत शिरतानाच पियानो ऐकू आला. चार हातांचा.

दार लोटलं. कस्तुरी एका बाजूला बसलेली. मान खाली. वाजवत होती. तिला वाजवता येत नव्हतं...

समोरचं स्टूल रिकामं. समोरच्या पट्ट्या दबत होत्या.

"कस्तू..."

वर बघेना.

आवाहन झालं होतं. विसर्जन राहिलं होतं. त्याने तबकातल्या अक्षता उचलल्या, पियानोवर फेकल्या, खांदा लावला, जीव एकवटून लोटला. हलला. बोटभर. आणि जन्मभराच्या सवयीने तोंडातून शेवटचे शब्द निघून गेले, "...पुनरागमनाय च."

पट्ट्या थांबल्या.

पोर बापाला बिलगून रडली. तोही रडला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "सुटलो रे!" देवाला निरोप देताना आपण सगळेच म्हणतो, पुन्हा ये म्हणून. आपण ते कुणाला म्हटलं, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. मीही बोललो नाही. पियानो त्याने फोडून न्हाणीच्या चुलीत घातला.

पुढच्या दसऱ्याला सकाळी कस्तुरी झोपेतून उठून स्वयंपाकघरात आली. रात्री न्हाऊन केस मोकळे ठेवून झोपलेली पोर. आता दोन वेण्या होत्या. घट्ट, नीट. टोकांना विटक्या रेशमी फिती.

अहल्या बघतच राहिली. मग नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो... मी नाही घातल्या."