पाचव्या राजाचं शेवटचं वर्ष

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. माझी भर दुपारी घडली, आणि तिची सुरुवात झाली कागदाच्या रिळापासून. दुकानात बिलाच्या मशीनला लावतात ना, तसलं अरुंद रीळ. मी चार मागितली. दुकानदार म्हणाला, "बाई, एवढी बिलं कोणाची फाडणार?" मी म्हटलं, "इजिप्तच्या राजांची." तो हसला. मला काही हसू आलं नाही, कारण माझं डोकं तेव्हा आधीच फिरलेलं होतं.

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून मी निवृत्त झाले. आता प्रकाशकांकडून आलेली हस्तलिखितं तपासते. सनावळ्या जुळतात का, राजा जन्मायच्या आधी लढाईला तर गेला नाही ना, असली कामं. आणि माझे धाकटे दीर कादंबऱ्या लिहितात, रक्त पिणाऱ्या राजेरजवाड्यांच्या. खपतातही, लोकांना काय! या वेळी त्यांच्या मनात आलं की आपले पाच रक्तपिपासू राजे थेट प्राचीन इजिप्तच्या गादीवर बसवायचे. तेही खऱ्या राजांच्या मध्ये, कोणाला सांधा दिसू नये असे. सांधा कोण जुळवणार? वहिनी! वहिनी कशाला आहे घरात?

नाही म्हणायची सोय नव्हती. भावजींच्या अंगात रक्तच तयार होईनासं झालं होतं. दर आठवड्याला दवाखान्यात नेऊन बाटली चढवायची, की तीन दिवस जरा रंग यायचा. मग पुन्हा पांढरेफटक. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर दोन महिने. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा भावजी नऊ वर्षांचे होते, आई-वडिलांविना. त्यांचे पाढे मी पाठ करून घेतले, गोवरात रात्ररात्र मी बसले. अशा माणसाला नकार कसा द्यायचा? आणि हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर जास्त चीड यायची.

"भावजी, ज्या देशात राजाला सूर्याचा मुलगा म्हणतात, तिथे उन्हाला घाबरणारा राजा कसा चालेल?"

"पडदे लावून."

"आणि मेल्यावर ते लोक पोटातलं सगळं काढून ठेवतात. मेंदूसुद्धा शिल्लक ठेवत नाहीत. तुमचा राजा उठून बसणार कशाच्या जोरावर?"

"वहिनी, तुम्ही फार खुसपटं काढता."

खुसपटं! पहिल्याच प्रकरणात त्यांनी पिरॅमिड बांधणाऱ्यांना घोड्यावर बसवलं होतं. त्या काळी तिथे घोडा औषधालासुद्धा नव्हता. मी तांबड्या पेन्सिलीनं घोडे हाकलता हाकलता दमले.

शेवटी मी माझ्या शाळेतल्या पद्धतीवर आले. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर. प्रत्येक राजाची त्याच्या राजवटीएवढी पट्टी कापायची आणि एकापुढे एक भिंतीवर चिकटवायची. तीन हजार वर्षांचे झाले तीस मीटर. आमच्या घराला तेवढ्या भिंती कुठल्या? पुढच्या खोलीत ह्यांचं शिवणकाम. तिथून राजे निघाले, स्वयंपाकघराला वळसा घालून पॅसेजमध्ये आले आणि भावजींच्या दारापाशी संपले. हे शिंपी माणूस, मापात वाकबगार. ह्यांनी गळ्यातली टेप काढून दिली आणि वर म्हणाले, "अगं, राजांच्या पट्ट्या झाल्या की माझ्या गिऱ्हाइकांच्या पँटीही कापून टाक."

पहिल्या चार राजांची सोय लागली. इजिप्तच्या इतिहासात एक अंदाधुंदीचा काळ आहे. सत्तर दिवसांत सत्तर राजे झाले, असं एका जुन्या बखरकारानं लिहून ठेवलंय. त्या गर्दीत चार कोणाला कळणार? पण पाचव्याला तो काळ पटेना. "पडक्या घरात कोण राहील, वहिनी? त्याला भरलं घर पाहिजे," भावजी म्हणाले. भरलं घर म्हणजे साम्राज्याचा सगळ्यांत वैभवाचा काळ. तिथे एकच राजा सहासष्ट वर्षं ठाण मांडून बसलेला, सुई शिरायला जागा नाही.

"बरं, हा पाचवा मेला कधी?"

"मेलाच नाही."

"असं कसं? राजवटीला शेवटचं वर्ष लागतं. नाहीतर पुढच्याला बसवू कुठे? गादी एक आहे भावजी, एसटीचा बाक नव्हे."

ते नुसते हसले. मग मीच तोड काढली. म्हातारा राजा कधीकधी वारसाला शेजारी बसवून घ्यायचा, दोघं मिळून राज्य करायचे, आणि वर्षं मात्र दोघांची वेगवेगळी मोजली जायची. ती संयुक्त राजवट. पाचव्याची पट्टी मोठ्या राजाच्या पट्टीखाली लावली की काम झालं. पण हे भावजींच्या डोक्यात शिरेना. मी वैतागले. मास्तरणीची खोड वाईट असते. मुलांना कळलं नाही की आम्ही घरातलं उदाहरण देतो.

"हे बघा. वरचा राजा म्हणजे हे. ह्यांचंही वय सहासष्टच आहे. आणि खालचा पाचवा म्हणजे तुम्ही. नाहीतरी दुसऱ्याच्या जिवावर जगायची सवय आहेच तुम्हाला!"

आणि मी पेन्सिलीनं वरच्या पट्टीवर 'थोरले' लिहिलं, खालच्या पट्टीवर 'धाकटे'. भावजी खो खो हसले. कितीतरी दिवसांनी असे हसले, म्हणून मलाही बरं वाटलं.

वरची पट्टी सहासष्ट सेंटिमीटर. खालची मी अंदाजानं वीस कापली होती. हे आकडे नीट लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी कोपरा उचकटला होता म्हणून दाबायला गेले, तर पट्टी मोठी वाटली. मोजली. खालची तेवीस. वरची त्रेसष्ट. मी ह्यांच्यावर खेकसले, "तुमची टेप ताणली गेलीय." ह्यांनी लाकडी फूटपट्टी आणून टेप तपासली. टेप चोख होती. मग मला वाटलं, डिंक ओला आहे, कागद सैल पडला असेल. पण ओला कागद सगळाच वाढतो. एक वाढतो आणि शेजारचा तेवढाच आटतो, असं कधी होतं का?

त्याच दिवशी भावजी उठून बसले आणि दोन वाट्या सूप प्यायले.

आठवड्यानं बाटली चढवायला गेलो, तर डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा पाहिला. म्हणाले, आज गरज नाही. घरी येताना मी आनंदानं रडले, खोटं कशाला बोलू? पॅसेजमध्ये आले. खालची एकतीस, वरची पंचावन्न. कात्री कुठे लागली नव्हती. वरच्या राजाच्या नावाची अक्षरं मात्र एकमेकांत दाटली होती. मी बघितलं आणि पाठ फिरवली. मोठ्या माणसानं असल्या गोष्टींकडे लक्ष देऊ नये, असं स्वतःला बजावलं.

मग दुपारचा तो आवाज सुरू झाला. तीन वाजता ह्यांचं मशीन थांबायचं, हे जरा पडायचे. घर शांत झालं की पॅसेजमधून ऐकू यायचं... कागद भिंतीवरून सरकल्यासारखं. थोडं सरकायचं, थांबायचं. पुन्हा थोडं. तिथे उजेड आधीच कमी, भावजींनी त्यांच्या खोलीचे पडदे लावून घेतलेले. वास यायचा डिंकाचा, आणि डिंकाखाली दुसरा. लहानपणी घोळणा फुटला की नाकात बसतो ना, तो. मी तिथे फिनेल टाकून फरशी पुसली. भिंतीवरचा वास तसाच.

आणि एके दिवशी ह्यांनी नवा सदरा अंगात घातला. स्वतःच्या मापाचा, स्वतः बेतलेला. खांदे कोपराकडे ओघळले. हे आरशासमोर उभे राहून बघतच राहिले. बेचाळीस वर्षांत ह्यांचं माप चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अगं, छाती चाळीसची छत्तीस झाली," हे हळूच म्हणाले. "आणि पँट जमिनीला लागते. उंची कशी काय कमी होते माणसाची?"

मी टेप ओढून घेतली आणि पॅसेजमध्ये धावले. वरची एकेचाळीस. खालची पंचेचाळीस.

खोडरबर घेऊन मी 'थोरले' घासलं. कागदाचा भुगा झाला, अक्षर जागचं हललं नाही. पट्टी ओढली. नखं दुखावली, पण पट्टी सुटेना. तेव्हा मी ह्यांची मोठी कात्री उचलली आणि भावजींच्या खोलीत गेले. ते पडद्याआड, उशीला टेकून बसले होते. गाल भरलेले, ओठ लालबुंद. पण डोळे नऊ वर्षांच्या पोरासारखे भेदरलेले.

"त्याला शेवटचं वर्ष लिहा भावजी," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

"लिहायला घेतो वहिनी... रोज घेतो. हात उचलत नाही."

"नाटकं पुरे."

"मी त्याला शेवट दिला नाही ना... आता तो मला देऊ देत नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज आणखी खाली आणला. "तुम्ही लिहा. तुमचं तो ऐकेल... सनावळी तुमची आहे."

मला संताप आला. जन्मभर या माणसाचं अर्धवट टाकलेलं मी पुरं केलं. गृहपाठ मी, अर्ज मी, आणि आता हेही मीच! "मी काय लिहिणार ते कळतंय का तुम्हाला?" मी ओरडले. "आणि त्यानंतर तुमचं काय होईल ते?"

"दादाची पँट पाहिली मी," ते म्हणाले. "जमिनीवर लोळते... लिहा वहिनी. पेन्सिलीनं नको. शाईनं."

मी पॅसेजमध्ये गेले आणि पाचव्याच्या पट्टीच्या टोकाला शाईनं उभी रेघ मारून शेवटचं वर्ष लिहिलं. हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावरही तेच लिहिलं. कागद सरकायचा थांबला. त्या शांततेत मला भावजींचा हुंदका ऐकू आला, आणि मी भिंतीला टेकून तिथेच खाली बसले.

तिसऱ्या दिवशी ते गेले. झोपेतच. मीच त्यांना मारलं, असं मला वाटतं. नवऱ्याला वाचवलं, असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं आणि दोन्हींचा मला राग येतो.

राजे सगळे उतरवले. या वेळी पट्ट्या मुकाट सुटल्या. हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवून दिलं. गेलेलं माप काही ह्यांना परत मिळालं नाही, पण आणखी घटलंही नाही. ह्यांनी सदरे उसवून लहान केले आणि पुन्हा मशीनवर बसायला लागले. बोलत मात्र फार नाहीत. भाऊ गेलेला माणूस, म्हटलं बसू दे गप्प.

आज दुपारी प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला. कादंबरी छपाईला चाललीय, एकच शंका आहे म्हणाल्या.

"शेवटच्या पानावर तुम्ही पाचव्या राजाचं शेवटचं वर्ष दिलंय. प्रुफात सरांनी ते खोडलंय आणि शेजारी 'चालू' असं लिहिलंय. मग कोणाचं ठेवू?"

"कुठल्या सरांनी?"

"म्हणजे काय? आपल्याच सरांनी. अक्षर ओळखते की मी त्यांचं, पंधरा वर्षं वाचतेय. जाण्यापूर्वी करून ठेवलं असेल ना?"

"प्रुफं तुम्ही पाठवली कधी?"

बाई कागद चाळत होत्या. "मागच्या सोमवारी. तुमच्या घरीच आली. सही करून घेतलीयत कोणीतरी... आणि काल परत आली."

मागच्या सोमवारी भावजींना जाऊन बारा दिवस झाले होते. घरात आम्ही दोघंच. मी सही केलेली नाही.

"मॅडम? काय ठेवू मग?"

पुढच्या खोलीत मशीन चालू होतं. ते थांबलं. खुर्ची सरकली. मी रिसीव्हर तसाच धरून उभी होते, बाईंना "माझं वर्ष ठेवा" असं सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ह्यांनी हाक मारली. आवाज ह्यांचाच, बेचाळीस वर्षं ऐकलेला.

"वहिनी," हे म्हणाले, "कोणाचा फोन आहे?"