दर सोमवारी बंद पडणारी गाडी

"ओटूनं जुनं धूड गळ्यात मारलं माझ्या, मॅडम! लहानपणचा दोस्त म्हणून विश्वासानं घेतली, तर दर सोमवारी बंद. आता टॅक्सीच्या नाक्यावर सगळ्यांना सांगणार, हा फिटर चोर आहे म्हणून."

टॅक्सीवाला एबो तावातावानं बोलत होता आणि खासगी तपासनीस अराबा क्वान्सा शांतपणे ऐकत होती. तिचा नवरा कोबिना मात्र निकाल देऊन मोकळा झाला.

"ओटूच! यात शोधायचं काय?"

"जरा दम धरा हो," अराबा म्हणाली.

केप कोस्ट शहराच्या फिटर आळीत ओटू एका गाडीखाली शिरला होता. बाहेर आला तोच चेहरा पाडून.

"दर वेळी टाकी उपसतो, तर तळाशी पाणी. दमडी घेत नाही त्याच्याकडून. पण त्यानं मला चोर म्हटल्यावर उद्या माझ्याकडे गाडी कोण आणेल?"

"मग पंपवाला!" कोबिनाला दुसरा चोर सापडला.

"त्याच पंपावर सगळा नाका पेट्रोल भरतो," ओटू म्हणाला. "बाकीच्या टॅक्स्या पळताहेत. आणि टाकीच्या झाकणाला कुलूप आहे."

तिथून नवरा-बायको एबोच्या घरी गेली. किल्ली कुणाकडे असते, असं अराबानं विचारलं.

"माझ्या गळ्यात. रविवारी प्रार्थनेत ढोल बडवतो, तेवढा वेळ आईकडे."

"म्हणजे ओटूनं दुसरी किल्ली करून ठेवलीय," कोबिना पुटपुटला.

एबोची आई एकुआ हिनं केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तिखटजाळ तळलेली मासळी पुढं केली. मिरचीनं कोबिनाच्या नाकातोंडातून धूर निघाला. खिडकीत पाण्याच्या बाटल्या होत्या, त्यानं तिकडं हात घातला.

"ती नको रे बाबा! ती पाद्रीबाबांनी मंतरलेली. तुला माठातलं देते," म्हातारी म्हणाली. "या गाडीवर जळणारे थोडे आहेत का? मी आहे म्हणून पोरगा सुखरूप घरी येतो."

अराबाला हसू आलं. तिनं ओटूला बोलावणं धाडलं. तो आला, पण दारातच उभा राहिला. एबोनं मान फिरवली.

"ओटूकडे दुसरी किल्ली असती, तर गाडी कुठल्याही वारी बंद पडली असती," अराबा म्हणाली. "सोमवारीच का? कारण किल्ली एबोच्या गळ्यातून रविवारीच निघते. ओतलेलं पाणी रात्रभरात तळाशी बसतं आणि सकाळी गाडी आचके देते. गाडी चांगली, पंप चांगला, फिटरही चांगला. आई, ते मंतरलेलं पाणी तुम्ही कुठं घालता?"

"टाकीत! गाडीचं पोटच ना ते?" एकुआ ठसक्यात म्हणाली. "लोक वरवर शिंपडतात, त्यानं काय होतंय? गाडी बंद पडायला लागली, तेव्हा म्हटलं सैतान जोरात आहे. मग अर्ध्या बाटलीची पुरी केली!"

कोबिना हसून लोळायचाच बाकी होता. म्हातारीचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे पोराची गाडी मीच बंद पाडत होते?"

एकुआ खिडकीतली एक बाटली पोटाशी धरून खाली बसली. एबोला कुणाकडे बघावं कळेना.

"ओटू, तुला चोर म्हणालो रे मी."

"म्हणालास खरा," ओटू आत येत म्हणाला. "चल आई, ऊठ आता."

त्यानं एकुआला हाताला धरून अंगणात नेलं, गाडीचं बॉनेट उघडलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं.

"आई, दर रविवारी इथं घालत जा. इथं पाणी लागतंच."