गेरूवाडीचे सारखे ठिपके

मंगळावरच्या गेरूवाडी वसाहतीत एक कोडं होतं. ओजस्विनीच्या मनगटावरच्या मैत्रीपट्टीत जवळजवळ सगळ्या मुलांची नावं होती. सुगंधाच्या पट्टीत एकच, तेही टिकोजी या यंत्रमानवाचं. असं का?

ओजूकडे उत्तर तयार होतं. "मी सगळ्यांना आवडते, ती आवडत नाही!" हे तिने घरी म्हटलं असतं तर एकवेळ खपलं असतं. पण दरी पाहायच्या सहलीची निवड चालू असताना, ती ते भर सभेत म्हणाली. मुलं हसली. सुगंधाने सहलीतून नाव काढून घेतलं. गाडी उद्या सकाळी निघणार होती.

"वा, बाईसाहेब!" टिकोजी म्हणाला. "तुमची लोकप्रियता जरा तपासूया?"

"तपास की!"

त्याने भिंतीवर प्रकाशाचे तीन ठिपके काढून रेघांनी जोडले. "हे जाळं. ठिपका म्हणजे मूल, रेघ म्हणजे मैत्री. सगळे ठिपके सारखे. कुणी गोड नाही, कुणी भांडखोर नाही. नवा ठिपका येईल, दोघांशी जोडला जाईल. कुणाशी, ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. मात्र ज्याच्या जितक्या रेघा, त्याच्या नावाच्या तितक्या चिठ्ठ्या."

"हा कुठला रे न्याय?"

"तुमचाच! नवं मूल आलं की विचारतं, इथं सगळे कुणाला ओळखतात? सगळ्यांची बोटं तुझ्याकडे."

ठिपके येत गेले. एकाभोवती रेघांचं रान माजलं. उशिरा आलेले कडेला राहिले. टिकोजीने पुसून पुन्हा केलं, हजार वेळा. दर वेळी कुणीतरी राजा झालाच, आणि बहुतेकदा आधी आलेल्यांपैकीच.

"याला प्रतिमान (खऱ्या गोष्टीची सोपी नक्कल) म्हणतात. आता या राजांच्या रेघांशेजारी तुझ्या पट्टीतल्या नावांचा आकडा ठेवू."

ओजूचा आकडा त्या घोळक्यात आरामात बसला.

"म्हणजे मी आवडत नाही?"

"आवडतही असशील. पण हा आकडा त्याची साक्ष देत नाही. नुसतं आधी येऊनही इतकं जमतं. तू पहिल्या यानातून आलीस, सुगंधा परवाच्या."

"मग मी वाईट आहे?"

"तेही आकड्यात नाही. ते सभेत दिसलं."

ओजूचे कान तापले. आधी येऊन बसलो, एवढ्यावर आपण मिरवत होतो! आणि मुलं हसली तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं. हे आठवलं, तशी तिला मान वर करवेना.

तशीच ती सुगंधाच्या दारात गेली. "मी बोलले ते चूक होतं. शिवाय खोटंही."

"सभेत बोललीस. माफी मात्र दारात?"

ओजू मागे फिरली.

सकाळी गाडीच्या पायरीवर उभी राहून तिने सगळ्यांसमोर तेच सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. सुगंधा पिशवी घेऊन आली आणि ओजूकडे न बघता खिडकीशी बसली. वाटेत शेजारच्या मुलाने तिला विचारलं, "तुमच्या गावाकडे आहेत का गं असे दगड?"

"असे? अजून मोठे!" सुगंधा म्हणाली. मागच्या बाकावरून आणखी दोन डोकी पुढे वाकली.